गच्चीवरची वेधशाळा: छप्पर सोडा, दुर्बीण ठेवा

प्रश्न: मॅडम, आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, तळमजला अधिक चार मजले, 1988 सालची. मी चौथ्या मजल्यावर राहतो. बिल्डरबरोबरच्या करारनाम्यात वरच्या गच्चीच्या वापराचा हक्क मला दिल्याचं लिहिलं आहे. निवृत्तीनंतर माझ्या आठ इंची दुर्बिणीसाठी मी गच्चीवर आठ बाय आठ फुटांची खोली उभी केली. लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या भिंती, रुळांवर सरकणारं छप्पर आणि मधोमध स्लॅबला बोल्ट मारून बसवलेला तीन फूट उंच, एक फूट जाडीचा काँक्रीटचा खांब. तेव्हाच्या सेक्रेटरींनी लेटरहेडवर ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं होतं. बिल्डिंगमधली मुलं शनीची कडी बघायला यायची. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या छताला ओल आली, कमिटी बदलली, तक्रार झाली आणि आता महापालिकेची कलम 351ची नोटीस आली आहे. मी तिथे राहत नाही, भाडं घेत नाही, खोली नटबोल्ट काढून हलवता येते. मग हे बांधकाम कसं? कोर्टात जाऊ का? की मुरबाडकडे जमीन घेऊन तिथेच वेधशाळा बांधू? (नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर:

काका, नमस्कार.

सगळ्यात आधी नोटीस हातात कधी पडली ती तारीख बघा आणि मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888च्या कलम 351ची ही विनापरवाना बांधकामाबद्दलची कारणे दाखवा नोटीस आहे आणि तिला साधारण सात दिवसांची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024च्या निकालात सांगितलं आहे की बांधकाम पाडण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे, आणि उत्तरासाठी स्थानिक कायद्यातली मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, यांपैकी जे नंतर संपेल तेवढा वेळ मिळाला पाहिजे. हे तुमच्या बाजूचं आहे, पण त्याच्या भरवशावर आठवा दिवस उजाडू देऊ नका. उत्तर वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी ‘साहेबांना भेटून सांगितलं’ याला फाइलमध्ये काही किंमत नसते. चांगली बाजू असलेली माणसंही केवळ गप्प राहिल्यामुळे हरतात.

आता मूळ मुद्दा. हे बांधकाम आहे का? आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 3 मधल्या ‘इमारत’ या शब्दाच्या व्याख्येत शेड, झोपडी, तबेला हे सगळं येतं, आणि ते विटांचं, लाकडाचं, मातीचं, धातूचं की आणखी कशाचं, याने फरक पडत नाही. नगररचनेच्या 1966च्या कायद्यातली ‘विकास’ या शब्दाची व्याख्याही तितकीच रुंद आहे. तुम्ही तिथे राहत नाही, कमाई करत नाही, मुलांना फुकट आकाश दाखवता, हे सगळं खरं असलं तरी परवानगी हवी की नको हे त्यावरून ठरत नाही.

‘नटबोल्ट काढून हलवता येते’ हा युक्तिवाद बहुतेक सगळेच करतात, आणि तो फारसा टिकत नाही. तीसहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. पेट्रोलियमच्या मोठ्या टाक्या जमिनीला जोडलेल्या नाहीत, स्वतःच्या वजनावर उभ्या आहेत, म्हणून त्यांच्यावर मालमत्ता कर लावता येणार नाही, असं तेल कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. वस्तू कायम ठेवण्याच्या हेतूने ठेवली आहे का, हे न्यायालयाने बघितलं. तो वाद कराचा होता, तुमचा परवानगीचा आहे, तरी विचाराची दिशा तीच राहील. काँक्रीटचा खांब आणि रूळ बघून कुठलाही अधिकारी तुमच्या खोलीला तात्पुरती म्हणणार नाही.

मागाहून परवानगी मिळेल का? आर्किटेक्टमार्फत अर्ज करण्याची वाट आहे, पण तुम्हाला खोटी आशा दाखवणं मला बरोबर वाटत नाही. गच्चीवर जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी यांना एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येतं त्या मर्यादेतून, सूट आहे. वेधशाळेला नाही. म्हणजे शिल्लक एफएसआय हवा, आणि 1988च्या इमारतीत तो सहसा उरलेला नसतो. अर्जावर जमिनीच्या मालकाची सही लागेल. सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स (जमिनीच्या मालकीचं हस्तांतर) झालं नसेल तर मालक अजून तो बिल्डर किंवा मूळ जमीनमालकच. शिवाय गच्चीचे तुकडे पाडायचे नाहीत, तिथे जाण्याची वाट सगळ्यांना खुली राहिली पाहिजे, असं विकास नियंत्रण नियमच सांगतात. वरळीच्या कॅम्पा कोला इमारतींमध्ये लोक वर्षानुवर्षं राहत होते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तिथलेही वाढीव मजले नियमित करायला नकार दिला. सहानुभूतीवर बांधकामं टिकत नाहीत, हे मुंबईने तेव्हा जवळून पाहिलं.

करारनाम्यातल्या त्या ओळीबद्दल. बिल्डरला जे विकता येतं तेच तुम्हाला विकत घेता येतं. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाळी सोसायटी या 2010च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक आहे, असं ठरवलं. संपूर्ण इमारतीवर पसरलेली सामाईक गच्ची याच वाटेने जाते. अपवाद एकच. मंजूर नकाशात तो भाग तुमच्या फ्लॅटला जोडलेला टेरेस म्हणून दाखवला असेल तर तुमचा वापराचा दावा बराच भक्कम होतो. म्हणून नकाशाची प्रमाणित प्रत माहिती अधिकारात मागवून घ्याच. पण तसं निघालं तरी मिळतो तो वापराचा हक्क. त्यात बांधण्याचा हक्क येत नाही.

सेक्रेटरींचं पत्र मात्र जपून ठेवा. सोसायटीची ‘ना हरकत’ महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही, आणि गच्चीसारख्या सामाईक जागेबद्दल सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय एकट्या सेक्रेटरींनी लिहून देण्यालाही फारसा अर्थ नाही. तरी तुम्ही चोरून काही केलं नाही, हे त्या पत्रावरून दिसतं. उद्या कमिटीने मागच्या तारखेपासून दंड लावला तर सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात ते पत्र तुमच्या उपयोगी पडेल.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलंत, तिच्याकडे वळते. छताची ओल. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा खरा गाभा हाच आहे. एक फूट व्यासाचा आणि तीन फूट उंचीचा काँक्रीटचा खांब साधारण 160 किलो भरतो. लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या मानकात दर चौरस मीटरला सुमारे 150 किलोचा चल भार (माणसं, सामान यांचा बदलता भार) धरलेला असतो. तुमचा खांब जेमतेम सात शतांश चौरस मीटरवर उभा आहे, त्यावर माउंट (दुर्बीण बसवायची बैठक) आणि दुर्बीण, बाजूला सांगाडा आणि रूळ. स्लॅबने हे पेललं असेलही, पण ते तुम्ही किंवा मी सांगू शकत नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे. त्यात तुमची इमारत तीस वर्षांच्या पुढची. अशा इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम 353ब प्रमाणे इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. ते घेताना या खांबाची नोंद होणार. आणि बोल्टसाठी मारलेली भोकं वॉटरप्रूफिंगच्या थरातून आरपार गेलेली असणार. ज्यांच्या छताला ओल आली त्यांना तुमचा छंद खुपत नाही, त्यांना पलंग सरकवावा लागतो आहे. नुकसानभरपाईचा दावा झाला तर तो महापालिकेच्या नोटिशीपेक्षा महाग पडेल, आणि त्यात तुमची बाजू मला कमकुवत दिसते.

कोर्टात जाऊ का, असं विचारलंत. माझं उत्तर नाही असं आहे. कलम 515अ मुळे या नोटिशींना दिवाणी न्यायालयात आव्हान देण्याची वाट अगदी अरुंद झाली आहे. अधिकारच नसताना नोटीस काढली किंवा बाजू ऐकलीच नाही, असं काही ठळक असेल तरच तिथे उभं राहता येतं. तुमच्या नोटिशीत तसं काही नाही. दोन-चार महिन्यांची स्थगिती मिळवण्यात पैसा जाईल आणि शेजाऱ्यांशी बोलणं कायमचं बंद होईल.

त्यापेक्षा नोटिशीला खरं उत्तर द्या. खोली कधी बांधली, कशासाठी, कुणाच्या पत्रावर, हे सरळ लिहा. मोजमापं बरोबर द्या. ‘खोली आधीपासूनच होती’ असं लिहायला कुणी सुचवलं तर त्याचं ऐकू नका, उपग्रह चित्रांमध्ये तारखेनिशी सगळं दिसतं. मग लिहा की भिंती, छप्पर, रूळ आणि खांब मी स्वतःच्या खर्चाने काढतो, त्यासाठी तीस दिवस द्यावेत. फॅब्रिकेटरचं कोटेशन सोबत जोडा. स्वतःहून काढणाऱ्याला थोडा वेळ द्यायला अधिकारी सहसा नाही म्हणत नाहीत. महापालिकेच्या माणसांनी तोडलं तर खर्च तुमच्याकडूनच वसूल होईल आणि आतल्या सामानाची काळजी कुणी घेणार नाही. दुर्बीण, माउंट, आयपीस आजच घरात आणा. काम झाल्यावर फोटो काढा आणि काढून टाकल्याची नोंद करण्यासाठी वॉर्ड ऑफिसला पत्र द्या. भोकं बुजवून त्या भागाचं वॉटरप्रूफिंग स्वतः करून द्या, आणि शेजाऱ्यांना ते आधी घरी जाऊन सांगा. वकिलाचं पत्र पाठवू नका.

दुसरा टप्पा सर्वसाधारण सभेचा. मागताना बांधकामाची परवानगी मागू नका, वापराची मागा. उचलून नेता येईल अशा तिपाईवर किंवा डॉब्सोनियन स्टँडवर (जमिनीवर ठेवायच्या साध्या बैठकीवर) दुर्बीण ठरावीक रात्री गच्चीवर लावायची, दरवाजाला स्वतंत्र कुलूप लावायचं नाही, स्लॅबला काही जोडायचं नाही, कुणीही सभासद बघायला येऊ शकेल, असा ठराव लिहून घ्या आणि तो इतिवृत्तात आला की नाही ते तपासा. हा ठराव सर्वसाधारण सभेचा असल्यामुळे कमिटी बदलली तरी सेक्रेटरींच्या पत्रासारखा लगेच निरर्थक होत नाही. शनीची कडी पाहिलेल्या मुलांचे आईवडील त्या सभेला बसलेले असतील, हे विसरू नका.

यात तुमचं आकाश फारसं कमी होत नाही, असं मला मनापासून वाटतं. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या वांगणीच्या रात्रीच्या कार्यक्रमांना मी गेले आहे, तिथे माळावर तिपाई लावूनच सगळं चालतं. अनुभवी निरीक्षक सांगतात की स्लॅबवरचा पक्का खांब तसाही समाधान देत नाही, कुणी चार पावलं चाललं की तो हादरा भिंगापर्यंत जातो. वेधशाळेचा खांब जमिनीत, आजूबाजूच्या फरशीपासून सुटा असावा लागतो, आणि चौथ्या मजल्यावर ते शक्यच नाही. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या खोलीतली गरम हवा रात्री उशिरापर्यंत प्रतिमा थरथरवते, आणि जून ते सप्टेंबर ढगच असतात. माउंट इक्वेटोरियल (ध्रुवताऱ्याकडे अक्ष रोखून ताऱ्यांच्या मागे फिरणारं) असेल आणि दरवेळी ध्रुवताऱ्याशी जुळवण्याचा कंटाळा येत असेल, तर तिपाईच्या तीन पायांच्या जागी फरशीवर रंगाच्या खुणा करून ठेवा. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण 19 अंशांवर असतो. खुणा बरोबर असल्या की बाकीची जुळणी पटकन होते. रंगाच्या खुणेला परवानगी लागत नाही.

मुरबाडच्या जमिनीबद्दल घाई करू नका. तुम्ही शेतकरी नसाल तर कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन विकत घेता येत नाही. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणतात, आणि नंतर व्यवहारच अवैध ठरतो. बिनशेती प्लॉट असेल तर सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट तिन्ही बघा, आणि तिथेही खोलीसाठी परवानगी घ्या. वांगणी-नेरळकडे बघणार असाल तर माथेरान परिसर 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तो गट त्यात येतो का ते तपासा. शहरातून वेधशाळा हलवायची वेळ येणं मुंबईला नवीन नाही. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं अलिबागला न्यावी लागली, तिथली वेधशाळा 1904 साली सुरू झाली. जमीन कायदेशीर मिळाली तर जमिनीत रोवलेला खांब आणि सरकतं छप्पर तिथे अवश्य करा. तोपर्यंत पैसे अडकवू नका.

एक शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. मुलांना तारे दाखवायला हिरवा लेझर वापरत असाल तर तो बंद करा. विमानतळाच्या परिसरात आणि विमानांच्या उतरण्याच्या मार्गात लेझर सोडण्यावर मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. आदेश मोडला तर थेट गुन्हा नोंदवला जातो. नोटीस, करारनामा, सेक्रेटरींचं पत्र आणि सध्याच्या खोलीचे चारही बाजूंचे फोटो घेऊन जवळच्या वकिलाकडून उत्तराचा मसुदा याच आठवड्यात करून घ्या.