सात महिन्यांची सशाची मादी फक्त पिंजऱ्यात हात घातल्यावर चावते, काय करावे? (बडोदे)

ती वयात आली आहे आणि आपली जागा राखते आहे; नसबंदी करून घ्या आणि ती आत असताना पिंजऱ्यात हात घालणे आजच बंद करा. बडोद्यात मी स्वतः माद्या पाळल्या आहेत, त्यावरून सांगते. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास हे सुरू होते: कान मागे, गुरगुर, पुढच्या पंजांचा फटका, मग चावा. सशाला नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, त्यामुळे समोरून आलेला हात तिला दचकवतो. हात बाजूने, वरच्या अंगाने न्या आणि कपाळावर ठेवा. दार उघडून तिला बाहेर येऊ द्या, कोथिंबीर तिथेच द्या, वाटी आणि ट्रे मागाहून बदला. मारू नका, नाकावर टिचकीसुद्धा नको; भ्यालेला ससा जास्तच चावतो. ऑपरेशन सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडूनच करा. आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगितले तर आधी कारण विचारा, कारण ससा ओकत नाही आणि उपासाने त्याचे आतडे मंदावते. फरक पडायला काही आठवडे लागतात. मात्र शांत ससा अचानक, पिंजऱ्याबाहेरही चावू लागला तर दात किंवा पोट दुखत असू शकते. दहा-बारा तास खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या तर त्याच दिवशी दाखवा.