हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर उघडण्याआधी सोर्सची पातळी मोजा

नमस्कार. विश्रामबागेतून तुम्ही विचारलेला प्रश्न वाचला. संगणकाला जोडलेला डॅक (डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी पेटी), फोनचा डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) आणि वडिलांचा जुना कॅसेट डेक ही तिन्ही साधने, म्हणजे सोर्स, तुम्ही एकाच हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आहेत. डॅकवर नॉब जरासा हलवला की आवाज एकदम अंगावर येतो आणि त्या एवढ्याशा जागेत डावी बाजू फिकी पडते; डोंगलवर तोच नॉब पार दोन वाजल्याच्या जागी न्यावा लागतो. दुरुस्ती करणाऱ्याने "पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) गेला आहे, बदलून टाका" असे सांगितले आहे आणि तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर पाठवायच्या तयारीत आहात. मिरजेत राहत असताना माझी तक्रार जवळजवळ शब्दशः हीच होती आणि मला मिळालेला सल्लाही हाच होता, म्हणून कळकळीने सांगतो की पॉट बदलू नका, निदान आताच नको.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर नाही, बरीच वर्षे हौसेने हे करत आलेला माणूस आहे. तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरचे मॉडेल लिहिलेले नाही, त्यामुळे खालचे आकडे ताडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत. वॉरंटी चालू असेल तर पेटी अजिबात उघडू नका. मी सांगणार आहे ते सगळे पेटीच्या बाहेरच करायचे आहे.

माझा अ‍ॅम्प्लिफायर मी एका मोठ्या शहरातल्या अधिकृत सेवा केंद्राकडे पाठवला होता. सोबतच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिले होते की एका सोर्सवर नॉब तळाशी राहतो, दुसऱ्यावर राहत नाही, आणि दोष फक्त तळाशीच जाणवतो. हे वाचून कोणत्याही तंत्रज्ञाच्या मनात पहिला प्रश्न यायला हवा होता की पहिला सोर्स किती व्होल्ट देतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल कितीपट मोठा करतो ते प्रमाण, किती आहे. तो प्रश्न मला कोणीही विचारला नाही. फोनवर दर वेळी वेगळी व्यक्ती, दर वेळी "तपासणी चालू आहे" हेच उत्तर, आणि सगळा पावसाळा उलटल्यावर पॉट बदलल्याचे बिल. यंत्र घरी आले तेव्हा दोष कमी होण्याऐवजी वाढला होता. पेटीच्या मागच्या जाळीतून टॉर्चच्या उजेडात नवीन पॉटच्या अंगावरची अक्षरे दिसत होती. तिथे ए ५०के असायला हवे होते आणि बी ५०के लिहिलेले होते, म्हणजे लॉग पॉट काढून त्यांनी लिनिअर पॉट बसवला होता.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत सांगतो. आवाजासाठी वापरला जाणारा साधारण लॉग पॉट अर्धा फिरवला की पातळी पूर्ण आवाजापेक्षा सुमारे २० डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचे माप) खाली असते. लिनिअर पॉट तीच पातळी एक दशांश फिरवल्यावरच देतो. त्यामुळे नॉबचा उरलेला नऊ दशांश प्रवास शेवटच्या २० डीबीसाठी वाया जातो आणि आपल्याला हवा असलेला सगळा आवाज सुरुवातीच्या चिमूटभर जागेत कोंबला जातो. हे दाखवून दिल्यावर सेवा केंद्राने "हा भाग उपलब्ध होता, तो बसवला" एवढेच कळवले. तो भाग पुढे मला स्वतःच्या खर्चाने परत बदलून घ्यावा लागला. पैशांपेक्षाही मला याचा राग येतो की मूळ पॉटमध्ये मुळात काही दोषच नव्हता.

दोष कुठे होता तो पाहा. आजचे बहुतेक घरगुती डॅक, सीडी प्लेअरप्रमाणेच, पूर्ण पातळीच्या डिजिटल सिग्नलला साधारण २ व्होल्ट देतात. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन २० डीबी, म्हणजे दहापट होता. याचा अर्थ नॉब पूर्ण उघडला तर त्याने २० व्होल्ट द्यायला हवेत. आतला वीजपुरवठा उणे-अधिक १५ व्होल्टचा असेल तर आवाज फाटण्याआधी १० व्होल्टसुद्धा जेमतेम निघतात, म्हणजे नॉबचा वरचा बराचसा भाग कधीच कामाचा नव्हता. आता हेडफोनची गरज पाहा. ३२ ओमचा आणि एका मिलिवॉटला १०० डीबी देणारा हेडफोन एका व्होल्टवर ११५ डीबी देतो. संगीतातल्या सर्वांत मोठ्या क्षणी ९५ डीबी पुष्कळ झाले असे धरले, तर त्याला फक्त ०.१ व्होल्ट लागतो. २० व्होल्ट मिळू शकतात आणि ०.१ व्होल्ट हवा आहे. मधले ४६ डीबी बिचाऱ्या पॉटने एकट्याने अडवायचे. कार्बन ट्रॅकच्या दुहेरी पॉटमध्ये दोन्ही बाजू तळाशी सारख्या चालत नाहीत, तिथे दोन-तीन डीबीचा फरक अगदी नेहमीचा आहे, आणि तुमचा डावा कान फिका पडतो तो यामुळेच. नवीन पॉटही तळाशी असाच वागेल.

म्हणून आधी मोजमाप करा. २०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा साइन टोन असलेली फाइल कोणत्याही मोफत ऑडिओ संपादन प्रणालीत तयार करता येते. अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन पूर्ण बाजूला काढून ठेवा, डॅकच्या आरसीए केबलच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि आकडा लिहून घ्या. नेहमीचा १ किलोहर्ट्झचा टोन मी मुद्दाम सांगत नाही, कारण स्वस्त मल्टिमीटरचा एसी आकडा ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा असतो. मग तीच फाइल डोंगलवर, फोनचा आवाज पूर्ण ठेवून वाजवा. तिथे ०.५ ते १ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसेल. काही अँड्रॉइड फोन डोंगलला त्याच्या पूर्ण पातळीपर्यंत जाऊच देत नाहीत, तेव्हा आकडा यापेक्षा कमी आला तर डोंगल बिघडला असे समजू नका. २ व्होल्ट आणि अर्धा व्होल्ट यांत १२ डीबीचे अंतर आहे. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडेही साधारण एवढेच निघेल असा माझा अंदाज आहे.

अ‍ॅम्प्लिफायरला गेनचा स्विच असेल तर तो सर्वांत खालच्या जागेवर ठेवा आणि तिथेच राहू द्या. "हाय गेनवर आवाज मोकळा वाटतो" असे सांगणारे पुष्कळ भेटतील. तो फक्त मोठा असतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. दोन सोर्सची तुलना करताना पातळी ०.१ डीबीच्या आत जुळवावी असा दंडक आहे तो याच कारणाने. मल्टिमीटरवर तो फरक सव्वा टक्क्याहूनही कमी भरतो. ती जुळवल्याशिवाय डॅक चांगला की डोंगल चांगला यावर मत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

स्विच नसेल, किंवा तो खाली नेऊनही डॅक जोरातच वाटत असेल, तर अटेन्युएटर, म्हणजे सिग्नलची पातळी उतरवणारी जोडणी, करा. प्रत्येक चॅनेलला दोन रेझिस्टर पुरतात: १० किलोओमचा सिग्नलच्या वाटेत, आणि त्याच्या पुढे ३.३ किलोओमचा सिग्नल व ग्राउंड यांच्यामध्ये. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स (सोर्सला जाणवणारा त्याचा रोध) ५० किलोओम असेल तर पातळी सुमारे १२.५ डीबीने उतरते. तो १० किलोओमच असेल तर सुमारे १४ डीबीने, म्हणून हा आकडा माहितीपत्रकात आधी पाहून घ्या. पाव वॉटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्यावेत. त्यांच्यामुळे दोन चॅनेलमध्ये वाईटात वाईट पाव डीबीचा फरक पडेल, आणि दहा-बारा रेझिस्टरमधून मल्टिमीटरने जोड्या निवडल्या तर तोही उरणार नाही. हे रेझिस्टर केबलच्या अ‍ॅम्प्लिफायरकडच्या प्लगमध्ये बसवा, डॅककडच्या नको, म्हणजे त्यांच्यापुढे लांब केबल राहत नाही. प्लगच्या धातूच्या टोपीला रेझिस्टरची तार टेकू नये यासाठी हीटश्रिंक नळी घाला. सोल्डरिंगची सवय नसेल तर सुटे भाग विकणाऱ्या दुकानांतून हे काम करून देणारी मंडळी मिळतात. त्यांना कागदावर आकृती काढून द्या, तोंडी सांगू नका.

माझ्या उदाहरणात गेन दहापटीवरून दुपटीवर आणला की १४ डीबी कमी झाले, अटेन्युएटरने १२ डीबी गेले, आणि ४६ पैकी पॉटवर फक्त २० डीबी उरले. लॉग पॉटवर ही जागा बरोबर बारा वाजल्याची आहे. तिथे दोन्ही बाजू व्यवस्थित जुळतात.

संगणकातच आवाज १२ डीबी खाली ठेवला तर चालणार नाही का, असे तुम्ही विचाराल. गुणवत्तेच्या दृष्टीने चालेल. १६ बिटची फाइल २४ बिटच्या मार्गाने जात असेल तर दोन बिट गेल्याचे कानाला कळणार नाही. मला भीती वेगळीच आहे. एखादे अपडेट ती पट्टी परत शंभरावर नेऊन ठेवते आणि कानावर हेडफोन असताना ते कळते. रेझिस्टर अपडेट होत नाहीत. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डीबी अशी आहे आणि त्यावर दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो, हे लक्षात घेतले तर १२ डीबीचा धक्का किरकोळ नाही. काहीही झाले तरी सोर्स बदलताना नॉब शून्यावर आणण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

आवाज फाटतो असेही तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण कधी ते लिहिलेले नाही. नॉब बराच वर नेल्यावरच फाटत असेल तर शेवटचा टप्पा त्याच्या मर्यादेला पोहोचला आहे. नॉब खाली असतानाही मोठ्या तानेवर फाटत असेल, तर पॉटच्या आधीचा टप्पाच जास्त व्होल्टेजने भरून जातो आहे, आणि तिथे नॉब कितीही खाली आणला तरी उपयोग होत नाही, अटेन्युएटरच हवा. डॅकची ४ व्होल्ट देणारी बॅलन्स्ड (प्रत्येक चॅनेलला दोन सिग्नल तारांची) जोडणी वापरणाऱ्यांना हा त्रास विशेष होतो, कारण ती आणखी ६ डीबी वर असते. "बॅलन्स्ड घ्या, सगळे सुटेल" हा दुकानातला सल्ला म्हणूनच तुमच्या बाबतीत उलटा पडेल.

कॅसेट डेक मात्र मीटरने जुळवू नका. डॅकचे २ व्होल्ट ही त्याची कमाल मर्यादा असते, आणि शास्त्रीय गायनाच्या सीडीची सरासरी पातळी त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली असते. डेकच्या माहितीपत्रकातले ०.४ व्होल्ट वगैरे ही नेहमीच्या ध्वनिमुद्रणाची पातळी असते, कमाल नव्हे. आकडे समोरासमोर ठेवून जुळवले तर प्रत्यक्ष ऐकताना कॅसेटच मोठी वाटेल. त्यापेक्षा एकाच मैफलीची कॅसेट आणि फाइल असेल तर तानपुऱ्याचा सुरुवातीचा भाग दोन्हींवर ऐका आणि डेकला आउटपुटचा नॉब असेल तर त्याने पातळी सारखी करा. तानपुरा चढ-उतार न करता चालू राहतो, जवारीमुळे त्यात वरचे स्वरही भरपूर असतात, त्यामुळे लहानसा फरकही लगेच समजतो. कॅसेटची फुसफुस गेन कमी केल्याने जाणार नाही, ती टेपवरचीच आहे.

दोन्ही बाजू जुळल्या का हे तपासायला मी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वापरतो. किराणा घराण्याचे हे गायक मिरजेत स्थायिक झाले होते, १९३७ साली गेले; त्यांचे सारे मुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेले, आहे. मोनो आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहिला पाहिजे. नॉब हळूहळू खाली आणत जा आणि गळा कोणत्या जागेपासून एका कानाकडे सरकू लागतो ती जागा पेन्सिलने खुणेने नोंदवा. तुमचे रोजचे ऐकणे त्या खुणेच्या वर आले की पॉटबद्दल काळजी करण्याचे कारण उरत नाही. बारा वाजल्याच्या जागीसुद्धा गळा सरकलेला असेल, तर हेडफोन उलटा घालून पाहा. आवाज त्याच कानात राहिला तर फरक तुमच्या कानांतला आहे; दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनमध्ये किंवा त्याच्या आधी आहे, आणि दुसरा हेडफोन लावूनही तो तसाच राहिला तर खुशाल दुरुस्तीला द्या. पण देताना पॉटचा प्रकार आणि मूल्य बिलावर लिहून मागा, आणि काढलेला जुना भाग परत मागा.

डॅक आणि डोंगलचे मोजलेले व्होल्ट, अ‍ॅम्प्लिफायरचा गेन व इनपुट इम्पीडन्स, आणि हेडफोनचा ओम व संवेदनशीलता एवढे आकडे इथे लिहिलेत तर तुमच्यासाठी रेझिस्टरची नेमकी जोडी मी काढून देईन. संवेदनशीलता मिलिवॉटला दिली आहे की व्होल्टला, हे लिहायला विसरू नका. ३२ ओमला या दोहोंत १५ डीबीचा फरक पडतो.