‘होत्या’ नको, ‘तुम्ही’ लिहा

“मॅडम, आई तर अजून आहे. मग लोकांकडून तिच्या आठवणी लिहून मागणं म्हणजे जित्या माणसाची श्रद्धांजली नाही का?” मे महिन्यात एक मुलगा माझ्यासमोर बसून विचारत होता. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करण्याच्या कामात हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

आई 71 वर्षांच्या. नागपुरात महाल भागातल्या घरी, पुढच्या खोलीत त्यांनी तीसेक वर्षं शिवणक्लास चालवला. पित्ताशयाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. आता फक्त दुखणं आवरायचं, म्हणून मॉर्फिन सुरू होतं. मुलाने जुन्या विद्यार्थिनींना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडला आणि भराभर उत्तरं आली. ती वाचून आत्या भडकल्या, “काऊन असं अभद्र करून राहिला रे?”

मी मोबाइल मागून घेतला. आत्यांचं चुकलं नव्हतं. ‘काकू फार प्रेमळ होत्या.’ ‘अशा बाई पुन्हा होणे नाही.’ निम्म्या मजकुरात आई जाऊन बसल्या होत्या भूतकाळात. उरलेल्यांत ‘लवकर बऱ्या व्हा’, जे खरं नाही हे आईंनाही ठाऊक होतं.

“आईंना विचारलंत?” नव्हतं विचारलं. हे मात्र मी कधीच सोडत नाही. माणूस त्यांचा, आठवणी त्यांच्या. ऐकायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, तेव्हा आई म्हणाल्या, “रोज दोन. जास्त नको. अन् रडकं नको.”

मग आम्ही निरोप नव्याने लिहिला. श्रद्धांजली हा शब्दच काढला. ‘काकू समोर बसल्या आहेत असं समजून त्यांच्याशी बोला, तुम्ही म्हणून. एकच प्रसंग सांगा. मिनिटभराचं रेकॉर्डिंग पुरे.’ कुणाची जुनी माफी, जुना वाद असेल, तर तो आधी मुलाने ऐकायचा आणि आईंना विचारूनच लावायचा.

सकाळच्या डोसनंतर आई जरा सावध असत. नागपूरचा मे, पण त्या मिनिटापुरता कूलर बंद व्हायचा, नाहीतर आवाजच कळत नसे. एक जण सांगत होती, “काकू, माझ्या पहिल्या ब्लाऊजची काजं मी उलट्या बाजूला केली. तुम्ही रागावला नाहीत, शेजारी बसून माझ्यासोबत उसवलीत.” आईंचे डोळे मिटलेलेच. अंगठा आणि तर्जनी मात्र चादरीवर दोरा ओढल्यासारखी हलत होती. मग म्हणाल्या, “उलट्या बाजूला नाही. मोठी झाली होती, बटन राहत नव्हतं. सांग तिले.” मुलाने ते रेकॉर्ड करून लगेच पाठवलं.

याआधी एका घरात मीच ‘सावकाश करू’ म्हटलं होतं. तिथल्या आठवणी तेरवीला जमल्या, सुंदर बांधून. त्या गृहस्थांच्या पत्नीने विचारलं, “हे यांना कोणी वाचून दाखवलं का?” तेव्हापासून मी कुणालाही थांबायला सांगत नाही.

शेवटच्या आठवड्यात आई बहुतेक झोपेतच असत. “आता लावून काय उपयोग?” मुलाने विचारलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या काळजीच्या केंद्रातल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदूही आवाजाची दखल घेताना त्यात दिसले. कळतंच अशी हमी मी दिली नाही. हळू आवाजात लावा, हात हातात घ्या, एवढंच सांगितलं.

त्या संध्याकाळी आत्या आल्या. मोबाइल त्यांनी बाजूला सारला, कूलर स्वतः बंद केला आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. “वहिनी, माझ्या लग्नाच्या शालूले फॉल तू रात्रभर जागून लावला होता. मी तुले कधी बोलली नाही.”