स्ट्रेच मार्क्ससाठी तेल लावायला सुरुवात करतेयस? मग हे वाच
अगं, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, हे व्रण वरच्या कातडीचे नसतात, खालच्या थरातलं कोलाजेन आणि इलास्टिन (त्वचेला बळकटी आणि लवचिकपणा देणारे तंतू) ताणून तुटलेलं असतं, आणि तेल बिचारं वरवरच मुरतं. त्यामुळे "महिन्याभरात गायब" असं कुणी म्हणालं की सरळ पुढे जायचं. कोको बटर आणि ऑलिव्ह ऑइलवर चाचण्या झाल्यात, गरोदरपणात लावून व्रण टळतात असं काही दिसलं नाही. मंडूकपर्णी या औषधी वनस्पतीच्या अर्काबद्दल थोडी आशा आहे पण पुरावा तुटपुंजाच. तरी लावू नको असं मी म्हणत नाहीये हां, खाज आणि कोरडेपणा कमी होतो, मसाजने बरं वाटतं, तेवढ्यासाठी खुशाल लाव.

रंग बघ आधी. लालसर-जांभळे असतील तर नवे आहेत, त्यांच्यावर उपचाराचा थोडाफार परिणाम होतो, पांढरे पडले की अवघड, पण तसे ते आपोआपही फिके होतातच. लिंबू मात्र चोळू नकोस, वर ऊन लागलं तर चक्क भाजल्यासारखे डाग येतात. नवीन काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांब. आणि "हर्बल" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नको, अशा काही क्रीममध्ये गुपचूप स्टेरॉइड घातलेलं सापडतं, आणि गंमत म्हणजे स्टेरॉइडनेच स्ट्रेच मार्क्स येतात! रेटिनॉल (क्रीममध्ये असतो तो व्हिटॅमिन ए चा प्रकार) गरोदरपणात अजिबात नको. वजन फारसं न वाढता रुंद जांभळे पट्टे उठले तर तेल राहू दे, डॉक्टरांना दाखव.