‘शुगरकेन’ हा इंग्रजी शब्द आपल्या संस्कृतमधूनच गेलाय का?

अर्धाच गेलाय. ‘शुगर’ आपली, ‘केन’ नाही. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’, मग लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोचली. ‘केन’ मात्र ग्रीक-लॅटिन ‘कॅना’वरून आला, म्हणजे वेत किंवा बोरू.

गंमत म्हणजे ‘शर्करा’चा मूळ अर्थ गोड नव्हे, तर खडे, वाळू. आपल्याकडं गुऱ्हाळावरनं आणलेल्या काकवीच्या बाटलीत तळाशी खर बसते ना, ती बोटावर चोळून बघा. कचकच लागते. नाव तिथूनच पडलंय. ‘जॅगरी’ही याच घराण्यातली, केरळ-कर्नाटकाकडच्या ‘चक्कर’, ‘सक्करे’वरून ती पोर्तुगीजांनी उचलली. म्हणजे कोल्हापुरी गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हटलं तरी शब्द आपल्याच मुलखातला.

फक्त एक, ‘शर्करा’ हे पदार्थाचं नाव आहे, पिकाचं नव्हे. पीक म्हणजे ‘इक्षु’. त्याचा प्राकृतातून आपला ‘ऊस’ झाला, पण इंग्रजीनं तो घेतलाच नाही. उसाच्या शास्त्रीय नावातलं ‘सॅकरम’ मात्र पुन्हा शर्करेचंच, पण ग्रीकमार्गे गेलेलं.