शिडीच्या पायऱ्या मोज

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा वाचली. कृत्रिम पाय बनवायला कंबोडियात बट्टंबांगला जायचं पक्कं केलंस, घरचा विरोधही मावळला, बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, "सर, माझा हात कार्बन फायबरवर बसलाय, तिकडे सगळं पॉलिप्रॉपिलीन. अडचण येईल का?" नाही येणार. तापून पारदर्शक झालेला पत्रा ओव्हनमधून काढायचा, प्लास्टरच्या साच्यावर ओढायचा, मागची शिवण चिमटायची आणि व्हॅक्यूम सुरू करायचा. पंधरा दिवसांत जमेल. पहिले दोन-चार सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कवचं, सुरकुततील, ते सगळ्यांचेच सुरकुततात. राजधानीत, नॉम पेन्हला, 1994 पासून आपल्या विषयाचं कॉलेज आहे आणि तिथून निघालेली मुलं माझ्याहून सफाईदार काम करायची. तेव्हा शिकवायला चाललेय अशा थाटात उतरू नकोस.

आता तू जे विचारलं नाहीस ते लिहितो.

मी 2003 साली गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. जंगलाच्या कडेला बांबूचे कोंब काढायला गेल्या आणि सुरुंगावर पाय पडला. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. मी जीव ओतून पाय केला. पॅरलल बारमध्ये, म्हणजे चालायच्या सरावाच्या दोन दांड्यांमध्ये, त्या अशा चालल्या की बाकीचे पेशंट बघत राहिले. फाइलवर मी ऐटीत लिहिलं, 'चाल उत्तम'. तीन महिन्यांनी गृहभेटीला गेलो, तर माझा पाय गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगलेला. बूटसुद्धा कोरा. आणि बाई खाली खाचरात, गुडघाभर चिखलात, लावणी करत होत्या. कशावर? आधीच्या, जुन्या, झिजलेल्या कृत्रिम पायावर. वरून सायकलच्या ट्यूबने आवळलेला, तळव्याला टायरचा तुकडा ठोकलेला.

मला आधी रागच आला. मग दुभाष्याने त्यांचं म्हणणं सांगितलं: नवा पाय चांगला आहे, म्हणून तो देवळात आणि लग्नाला घालते. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्या आजीचा शालू ट्रंकेत असायचा आणि चिखलणीला ती फाटकं लुगडं कासोट्याला खोचून जायची. मी कोकणातला, भातशेतीत वाढलेला, आणि भात लावणाऱ्या बाईला शालू नेसवून आलो होतो.

त्या दिवशी त्यांच्या घराची शिडी नीट पाहिली. तिकडे घरं खांबांवर असतात, खाली गुरं, पावसाच्या पाण्याचे मोठे रांजण, आणि वर जायला बांबूची किंवा लाकडाची शिडी. या शिडीच्या पायऱ्या गोल होत्या. त्यांवर अनवाणी माणसाची बोटं वळतात, पकड घेतात. आपला रबरी तळवा सटकतो. त्या बसून, हातांवर रेटा देत, एकेक पायरी चढायच्या. दिवसातून किती वेळा? मी विचारलंच नव्हतं. शेवटी आम्ही त्यांचा जुना पायच नव्याने केला: सॉकेटच्या तळाशी पाणी निथळायला भोक, खाली टायरचा जाड तळवा, दिसायला अगदी ओबडधोबड. फाइलीत त्याला काय नाव द्यावं हे मला अजूनही सुचलेलं नाही.

आणि हो, दमट हवेत पावलातला पॉलियुरेथेनचा फेस लवकर भुसभुशीत होतो. पाऊल दाबून बघायची सवय ठेव.

शरीराबद्दल थोडं. सुरुंगाचा स्टंप, म्हणजे पाय कापल्यावर उरलेला भाग, हा अपघाताच्या किंवा मधुमेहाच्या स्टंपसारखा नसतो. स्फोट माती, गवत, चपलेचे तुकडे, पावलाचीच हाडं मांसात वर घुसवतो. दिसते त्याहून जखम वरपर्यंत गेलेली असते. म्हणून युद्धाची सर्जरी जाणणारे डॉक्टर ती लगेच शिवत नाहीत, चार-पाच दिवस उघडी ठेवून मग बंद करतात. जिथे घाईने शिवली तिथे पू झाला आणि पाय आणखी वर कापावा लागला. असे जुने स्टंप तुला खूप दिसतील: हाडाचं टोक टोचणारे, न्यूरोमावर, म्हणजे कापलेल्या नसेच्या टोकाला आलेल्या गाठीवर, बोट लागलं की माणूस ओरडावा असे. तिथे सॉकेट कितीही सुबक कर, उपयोग नाही, सर्जनकडे पाठव. लहान मुलांचं वेगळंच. हाड कातडीपेक्षा भराभर वाढतं आणि टोकातून बाहेर येऊ बघतं. पुन्हा ऑपरेशन, आणि वाढत्या वयात साधारण सहा महिन्यांनी नवा पाय.

बहुतेकांचा पाय नव्वदच्या दशकात गेला. 1996 या एका वर्षात तिथे सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने 4,320 माणसं मेली किंवा जखमी झाली. आता काही वर्षं हा आकडा शंभराच्या आत आहे. पण 1979 पासूनची बेरीज 65 हजारांच्या आसपास जाते, त्यांत सुमारे 20 हजार मृत्यू, आणि हात-पाय गमावलेले अंदाजे 9 हजार. ती तरुण माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. गुडघ्याखाली पाय नसलेल्याला चालताना साधारण पाव हिश्श्याने जास्त ताकद लागते, मांडीतून गेला असेल तर निम्म्याहूनही जास्त. तीस वर्षं ही ताकद खर्चल्यावर धडधाकट पायाचा गुडघा झिजतो, कंबर धरते, मग चालणं कमी, वजन वाढतं, रक्तदाब येतो. तेव्हा पेशंट आला की पहिल्यांदा असलेला पाय तपास. मी पहिलं वर्षभर फक्त नसलेला तपासत होतो.

नसलेल्या पायातही दुखतं, हे तुला पुस्तकातून माहीत आहे. तिथे काही जण सांगायला लाजतात, लोक वेडं म्हणतील म्हणून. गावात असंही बोललं जातं की मागच्या जन्मीचं पाप भोगतोय. हे ऐकून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. दोन पायांच्या मधे उभा धरायचा साधा आरसा घेऊन ठेव, त्यात असलेल्या पायाचं प्रतिबिंब नसलेल्याच्या जागी दिसतं. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण ज्याला येतो त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि आरशाला खर्च तो काय.

पैशाचं मात्र उघड विचार. माणूस सेंटरला आला नाही तर 'पेशंट बेपर्वा' असं लिहून टाकू नकोस. पाय फुकट मिळाला तरी दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, आणि लावणी-कापणीच्या दिवसांत तर कोणी येणारच नाही. मी एकदा अशाच गैरहजर माणसावर कावलो होतो. नंतर कळलं, मोठ्या मुलीला शाळेतून काढून त्याने शेतावर धाडलं होतं, कारण त्याच्याच्याने ओझं उचलवत नव्हतं. त्याला बैल हवा होता. मी त्याला नवा पाय देऊ बघत होतो.

सगळ्यांना पाय हवाच असतो असंही नाही. तुन चन्नारेथ यांचं नाव ऐकलं असशील. 1982 मध्ये थायलंडच्या सीमेजवळ दोन्ही पाय गेले. तेव्हा ते लढणाऱ्यांत होते, म्हणजे नागरिक नव्हेत. 1997 साली सुरुंगबंदीच्या मोहिमेला शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा मोहिमेतर्फे ते घ्यायला तेही ऑस्लोला गेले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर असतात, आणि वर्षानुवर्षं इतरांसाठी खुर्च्या बनवत आले. तिकडची तीन चाकांची, लाकडी बैठकीची खुर्ची कच्च्या रस्त्यावर बरी चालते. हॉस्पिटलातली चकचकीत खुर्ची पहिल्याच पावसात रुतते. कोणी खुर्ची मागितली तर पायाचा आग्रह धरून बसू नकोस.

सामानात मोजपट्टी दोन घे, एक नक्की हरवते. गमबूट इथून नेऊ नकोस, तिथल्या बाजारात मिळतील. आणि पहिल्या गृहभेटीला गेलीस की शिडीच्या पायऱ्या मोज, त्या गोल आहेत की चपट्या तेही बघ, आणि मला लिही. आता पत्र्याची, सिमेंटच्या जिन्याची घरं झालीत असं ऐकतो. तसं असेल तर माझं अर्धं पत्र जुनं झालं, आणि मला आनंदच आहे.

तुझा,
सर