तिसरी उकल नाही हे कसं ठरवायचं?

प्रश्न: २^क्ष − ३^य = १३ याच्या मला दोनच पूर्णांक उकली मिळाल्या, १६ − ३ आणि २५६ − २४३. कॉम्प्युटरवर बरेच मोठे घात चालवून बघितले, तिसरी येत नाही. मग 'उकली दोनच' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: उकली दोनच आहेत, पण कॉम्प्युटरच्या भरवशावर तसं लिहू नका, कारण कुठेही थांबलात तरी पुढचे घात उरतातच. इथे नुसत्या भागाकारावर काम होतं, कागद घेऊन बसा.

समजा २५६ − २४३ च्या पुढे अजून एक उकल आहे, तिच्यात २ चा घात ८ पेक्षा क ने जास्त आणि ३ चा घात ५ पेक्षा ख ने जास्त. वजाबाकी केली की २५६(२^क − १) = २४३(३^ख − १) मिळतं. २४३ विषम, म्हणजे ३^ख − १ ला २५६ ने भाग जायलाच हवा, आणि त्यासाठी ख ६४ च्या पटीत लागतो. आता १९३ ही मूळ संख्या घ्या. ३^८ + १ = ६५६२ = १९३ × ३४, म्हणून ३^१६ − १ ला आणि अर्थात ३^ख − १ लाही १९३ ने भाग जातो, मग डावीकडे २^क − १ लाही जायला हवा, आणि तो क ९६ च्या पटीत असेल तरच जातो. पण क १६ च्या पटीत आला की २^क − १ ला २५७ ने भाग जातो, म्हणून ३^ख − १ लाही, आणि त्यासाठी ख थेट २५६ च्या पटीत लागतो. तसं झालं तर उजवी बाजू ५१२ ने भागली जाते, डावीकडे मात्र २५६ ला गुणणारी संख्या विषम! म्हणजे तिसरी उकल नाहीच. ८ पर्यंतचे घात हातानेच तपासता येतात.

१९३ सुचणं हीच यातली खरी मजा आहे, ३^६४ − १ चे अवयव पाडत बसलं की सापडते.

दोन पाये आणि फरक ठरलेला असेल तर धन पूर्णांक उकली दोनपेक्षा जास्त कधीच नसतात, हे मायकेल बेनेट यांनी २००१ मध्ये सिद्ध केलं. पण समीकरणाचा साचा बदलला की आकडाही बदलतो, रामानुजन यांनी १९१३ मध्ये विचारलेल्या २^न − ७ = वर्ग या समीकरणात न च्या पाच किमती चालतात, ३, ४, ५, ७ आणि १५, आणि एवढ्याच आहेत याची सिद्धता नागेल यांनी १९४८ मध्ये दिली.

आता २^क्ष − ३^य = ५ स्वतः करून बघा, ८ − ३ आणि ३२ − २७ समोरच आहेत, पुढे १९ आणि ७५७ वापरा.